पहिला हात वाळेपर्यंत

ओल्या रंगाला तो कधी बोटाच्या टोकाने शिवायचा नाही. बोट वाकवून त्याची मागची बाजू पाटीच्या कोपऱ्याला जराशी टेकवायचा आणि म्हणायचा, "वाळू द्या राव. पहिला हात वाळल्याबिगर दुसरा मारला तर फोड येत्यात." गिऱ्हाईक समजल्यासारखी मान डोलवायचं. ते मान डोलवून वळेपर्यंत हा खांद्याला पिशवी अडकवून गल्लीच्या तोंडाशी पोचलेला असायचा.

पाटी वाळायची तेवढ्या वेळात तो डोंगरावर जाऊन यायचा.

तुमच्यापैकी कोणी नव्वद सालच्या आसपास जुन्नरच्या बाजारपेठेतून फिरलं असेल, तर त्याची अक्षरं तुम्ही नक्की पाहिली आहेत. किराणा, कापड, दवाखाना, कृषी सेवा केंद्र, निम्म्या पेठेवर त्याचाच हात होता. उकार जरा लांब ओढायची त्याला सवय होती. माणूस मात्र पाहिला असेलच असं नाही. तो सापडणं अवघड होतं. सगळे त्याला नुसतं पेंटर म्हणायचे, मीही तेच म्हणायचो.

मी उदगीरच्या पलीकडचा. सातवीत शाळा सुटली, मग हमाली, मग एका ओळखीने जुन्नरला शेठच्या हार्डवेअरच्या दुकानात लागलो. तेव्हा मी बावीस-तेवीसचा असेन. शेठ राजस्थानी जैन, पण तीन पिढ्या इथेच गेलेल्या, मराठी माझ्यापेक्षा चांगलं. माणूस भला होता. तरी मला त्याची भीती वाटायची. खरं सांगायचं तर मला सगळ्याचीच भीती वाटायची. कुलूप लावलं की नाही, टर्पेंटाइनचं बूच घट्ट बसलं की नाही, बोलताना आमच्याकडचा शब्द तोंडातून निघून लोक हसतील का. सगळ्यात जास्त भीती दुकानातल्या फोनची, कारण तो फोन म्हणजे पेंटरचं ऑफिस होतं. त्याने सगळ्या गिऱ्हाइकांना आमचाच नंबर दिला होता.

"पेंटर कुठाय?"

"कामावर गेलेत."

"कुठल्या कामावर? माझी पाटी अर्धी लटकलीय हितं!"

मी घाम पुसत फोन ठेवायचो. पेंटर दोन दिवसांनी उन्हाने काळा पडून, गुडघे खरचटून यायचा आणि विचारायचा, "कुनाचा फोन व्हता का?"

मिठाईवाल्याची गोष्ट तर पेठेत सगळ्यांना पाठ होती. 'शुद्ध तुपातील मिठाई' अशी पाटी हवी होती. पेंटरने 'शुद्ध' एवढंच लिहिलं. लाल अक्षराला सोनेरी कड द्यायची, म्हणजे लाल आधी वाळायला हवा, असं सांगून गडी शिडीच्या वाटेने भीमाशंकर चढायला गेला. वाटेत कोणी कातळ दाखवला, तिथे रमला. इकडे दुकानाचं उद्घाटन होऊन गेलं. चार दिवस पाटीवर एकटं 'शुद्ध'. येणारा-जाणारा विचारायचा, "शेठ, शुद्ध काय इकता? हवा?" मिठाईवाला आमच्या दुकानात येऊन माझ्यावर ओरडायचा. पेंटर आला, पाटी पुरी केली, आणि ती इतकी देखणी झाली की मिठाईवाल्याने ओरडण्याऐवजी त्याला पावशेर पेढे दिले. ते त्याने माझ्यासमोर ठेवले. "खा. शिव्या तू खाल्ल्यास, पेढे मी कसं खाऊ?"

लांबच्या कामाला तो एस.टी.ने जात नसे. आणे गावातल्या शाळेची भिंत रंगवायची असली तर सायकलवर. आण्याचा घाट सायकलवरून न उतरता चढता यावा म्हणून त्याने ते काम घेतलं होतं, असं त्यानेच एकदा सांगितलं. शिनोलीला तर पाठीवर ब्रशची पिशवी बांधून चक्क पळत गेला. घोडेगावच्या पुढे एका मोटारसायकलवाल्याने गाडी हळू केली.

"बसा पावणं, सोडतो."

"नको भाऊ, पळतोय."

"त्ये दिसतंय. पन कशापासनं?"

ही गोष्ट सांगताना पेंटर हसायचा, मग म्हणायचा, "त्याला काय सांगू रे? पळताना डोकं धुतल्यावानी व्हतं. असं सांगितलं असतं तर त्यानं गाडी जोरात हानली असती."

दसरा-दिवाळीच्या आधी त्याला श्वास घ्यायला फुरसत नसे. निवडणूक आली की दोन्ही पक्षांच्या भिंती हाच रंगवायचा, एका बाजूला एक चिन्ह, दुसऱ्या बाजूला दुसरं. "इलेक्शन आलं की चढायला नवा दोर येतो," म्हणायचा. मुंबई-पुण्याची गिर्यारोहक मंडळी घाटघरला यायची, त्यांच्यामागे हिंडून तो प्रस्तरारोहण शिकला होता. ती मंडळी नोकरीवाली. रविवारी रात्री परत जायची. हा सोमवारीही तिथेच. ते त्याला म्हणायचे, "नशीबवान आहात, तुम्हाला साहेब नाही." हा म्हणायचा, "गल्लीत प्रत्येक दुकानात साहेब हाय माझा."

पेंटरच्या बायकोचं, म्हणजे वहिनींचं, वेगळं म्हणणं होतं. मी त्यांच्याकडे लावलेला डबा घ्यायला गेलो की चुलीपुढून बोलायच्या, "डोंगराला काय शेंगा लागल्यात का, इचारा की भाऊजी तुमच्या पेंटरला. पोरगी शाळेत जायला लागली. मानसानं कायतरी कायमचं बघावं का न्हाई?" पेंटर भाकरीचा तुकडा मोडत, मुलीच्या पाटीवर तिचं नाव सुबक काढून द्यायचा. भाकरी मात्र वहिनी बांधून द्यायच्याच, लसणाची चटणी वेगळ्या कागदात.

एका दिवाळीला मला गावी जाता आलं नाही. नोकरी टिकेल की नाही ही धास्ती, आणि गाव तर दीड दिवसाच्या वाटेवर. दुकान बंद, पेठ बंद, मी खोलीत बसून होतो. पाडव्याच्या सकाळी पेंटर दारात. "चल घाटघरला. वानरलिंगीवर चढायचं हाय. दोर तू धरायचा."

तुम्ही जीवधनच्या बाजूने वानरलिंगी पाहिली असेल तर मला काय झालं असेल ते सांगायला नको. गडापासून सुटा, एकटा उभा राहिलेला तो सुळका. पायथ्याशी मुंबईची मंडळी आधीच आली होती. मी म्हणालो, "मुंबईची शिकलेली पोरं आहेत ना बरोबर. मी कशाला? मला भीती वाटते."

"म्हनून तर. भित्रा मानूस दोराला चांगला. त्यो दुसरीकडं बघत न्हाई."

मुंबईच्या पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. पेंटरने आधी मला सपाटीवर शिकवलं. दोर कमरेच्या मागून घ्यायचा, दोन्ही हातांत ठेवायचा, तो वर गेला की थोडा सोडायचा, आणि काहीही झालं तरी खालचा हात उघडायचा नाही. मग तो चढायला लागला. मी त्याच्या टाचा पाहत होतो. बाकी जगात काय चाललं होतं ते मला माहीत नाही. अर्ध्यावर एक पकड निसटली आणि तो सुटला.

दोर माझ्या कमरेत करकचला. तळहात भाजल्यासारखा झाला. मी दगडावर आपटलो, पण हात उघडला नाही. वर तो लोंबकळत होता, भिंतीला पाय लावून. सगळे ओरडत होते. तो तेवढा शांतपणे म्हणाला, "धरलंस न्हवं? झालं मग. आता थोडा ढील दे."

तो वर पोचला. सगळे टाळ्या वाजवत होते तेव्हा मी खाली बसून रडत होतो, आणि मला हेही कळत होतं की हे रडणं भीतीचं नाही. सातवीत शाळा सुटलेल्या माणसाच्या हातात कोणी काही सोपवत नाही. खिळे मोजायला देतात, तेही परत मोजतात. आणि या माणसाने तर... असो. उतरल्यावर त्याने माझ्या तळहाताला खोबरेल लावलं आणि वहिनींच्या करंज्यांचा डबा उघडला. तेव्हापासून तो मला पेठेत "माझा दोरवाला" म्हणायचा. शेठसुद्धा चेष्टेने म्हणायला लागले. माझी भीती काही गेली नाही. पण तिचा कोणाला तरी उपयोग आहे, हे कळलं.

पुढे नारायणगावला पहिलं फ्लेक्सचं मशीन आलं.

तुम्हाला वाटेल, पाट्या गेल्या म्हणून पेंटर गेला. तसं सरळ नव्हतं. थोडी कामं राहिलीच होती. पण फ्लेक्स वाळावा लागत नाही. सकाळी सांगा, दुपारी लावा. गिऱ्हाइकाला ती सवय लागली, आणि पहिल्या-दुसऱ्या हातांमधली त्याची जी जागा होती, ती गेली. "दोन दिवस वाळायला लागतील," म्हटलं की समोरचा म्हणायचा, "मग ऱ्हाऊ दे पेंटर, फ्लेक्सच घेतो." कमी मिळकतीची त्याला सवय होती. मोकळा दिवस नाही, याची नव्हती. निम्म्या कामांसाठी आता तो आठवडाभर पेठेत हिंडायचा. सायकल भिंतीला टेकलेली असायची. दोर दुकानाच्या माळ्यावर.

वहिनींच्या भावाने चाकणला एका कंपनीत रंगखात्यात बोलणं लावलं. पेंटर एक दिवस जाऊन आला. संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर बसून राहिला. मी चहा मागवला.

"कसं आहे?"

"चांगलं हाय. कायमचं हाय. मशीन रंग मारतं, आपन बटन दाबायचं." चहा अर्धा पिऊन म्हणाला, "खिडकी न्हाई रे तितं."

घरात त्या आठवड्यात काय झालं असेल ते मी विचारलं नाही. डबा घ्यायला गेलो तर वहिनी पोरीच्या वह्यांना जुन्या कॅलेंडरची कव्हरं घालत बसल्या होत्या. तो चाकणला गेला नाही, पण 'नाही' असंही म्हणाला नाही.

त्याच दिवसांत दुकानात एक ठेकेदार आला. मोबाइलचे टॉवर सगळीकडे उभे राहत होते, त्याला लाल-पांढरा रंग हवा होता. बोलता बोलता म्हणाला, "रंग मिळतो हो, वर चढणारा माणूस मिळत नाही. आहे का कोणी?"

मी क्षणभरही थांबलो नाही. मला इतका आनंद झाला की बोलताना अडखळलो. रंगाचं काम आणि उंची, दोन्ही एकाच ठिकाणी. त्याच्यासाठीच कोणी बनवल्यासारखं. मी दुकान शेठवर सोडून पळत त्याच्या घरी गेलो. वाटलं, माझ्यावरचं त्याचं ऋण थोडं फिटलं. आजही मला ते चुकलं असं वाटत नाही. त्या दिवशी वहिनींनी मला गूळ-शेंगदाणे दिले. मुलीची शाळा सुटली नाही, ती त्यामुळेच.

आधी जवळपासचे टॉवर होते. पारगावच्या उसाच्या रानात तो वर टांगलेला दिसला की रस्त्याने जाणारे थांबून बघायचे. मग ठेकेदार लांब न्यायला लागला. सोलापूर, कर्नाटक, शेवटी कच्छ. जाताना दोर घेऊन गेला. वर्षातून एकदा यायचा, चार दिवस राहायचा. त्यातले दोन घरच्या कामांत, एक पाहुण्यांत. घाटघरला जाऊ म्हणायचा. मग एका मे महिन्यात वहिनी आणि मुलगीही तिकडे गेल्या. त्यांच्या खोलीत दुसरा भाडेकरू आला.

मी इथेच आहे. ज्या गावात मी परका म्हणून आलो, तिथे आता लोक मला पत्ता विचारतात. आणि जो इथल्या कातळाचा होता, तो कुठल्या तरी सपाट मुलखात. कधी कधी हा हिशेब मला कळत नाही.

त्याचे फोन यायचे, आता माझ्या मोबाइलवर. एक फोन विशेष आठवतो. दुपारची वेळ होती. मागून वारा एवढा की शब्द तुटत होते.

"वर हाय मी. टॉवरवर."

"अरे, वरून कशाला फोन? दोन्ही हात—"

"बांधून घेतलंय. भिऊ नको."

"काय दिसतं तिथून?"

"मीठ." वाऱ्यात आवाज चढवून म्हणाला, "नुसतं मीठ रे. पांढरं. प्रायमर मारून ठेवल्यावानी. चढायला खांब हाय, पन वर गेल्यावर बघायला कायच न्हाई." मग म्हणाला, "तू कुठं हाईस? गच्चीवर जा बरं."

मी गल्ला शेठच्या मुलाकडे देऊन दुकानाच्या गच्चीवर गेलो. त्या गच्चीला कठडा गुडघ्याएवढाच आहे. मी कधी कडेला जात नाही.

"शिवनेरी दिसतो?"

"दिसतो."

"कसा हाय?"

"गवत पिवळं पडलंय. कड्यावर ऊन आहे. खालच्या अंगाला म्हशी आहेत कोणाच्या तरी."

"त्याच्या मागं?"

मागे काही दिसत नव्हतं. हवा धुरकट होती. जुन्नरच्या गच्चीवरून घाटघरपर्यंत काही दिसतही नाही, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. मी म्हणालो, "मागं धुरकट आहे."

"हाय तितंच. सांग की."

तिकडे कोणीतरी खालून हिंदीत ओरडत होतं, "पेंटर, नीचे आओ, टाइम हो गया." तो "आता हूँ" म्हणाला, पण फोन ठेवला नाही. मी वाट पाहिली. वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

मग मी न दिसणाऱ्या चावंड किल्ल्यापासून सुरुवात केली. त्याच्या पलीकडची घाटघरची खाचरं सांगितली, भात काढून झालंय म्हणालो, जीवधनच्या पायथ्याची झाडी सांगितली. इथेही खालून कोणी गिऱ्हाईक "कोन हाय का दुकानात?" म्हणून हाका मारत होतं. मी कठड्याच्या जरा आणखी जवळ गेलो, आणि त्याला वानरलिंगीच्या सुळक्याखालचा पहिला कातळ सांगायला घेतला.