भर उन्हातली पाळत

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. वेश बदलून गुन्हेगारांत वावरणाऱ्या पोलिसांची मालिका लागली की सून हाक मारते, "बाबा, तुमच्याच खात्याची लागलीय, या ना." मी काहीतरी निमित्त काढून डहाणूच्या किनाऱ्यावर फिरायला निघतो. मालिकेत सगळं ओल्या रस्त्यांवर, निळ्या-लाल दिव्यांत घडतं. नायकाचा अर्धा चेहरा कायम अंधारात. मी तेच काम चिंचणीला भर उन्हात केलं.

सुकी मासळी गुजरातेत पोचवून परतणाऱ्या एका टेम्पोतून शेजारच्या केंद्रशासित भागातली स्वस्त दारू चोरून येते, अशी खबर होती. म्हणून मी मासळीचा व्यापारी झालो. बोंबील वाळत घालणाऱ्या एका बाईकडे माल घेऊ लागलो. तिचा भाऊ तो टेम्पो चालवायचा. पहिल्या दिवशी मी बोंबील शेपटीने टांगायला गेलो.

"असला कसला रे व्यापारी तू?" ती हसत सुटली. "जबड्यात जबडा अडकव. शेपटीला काय गाठ मारशील?"

दुसरी कुणी असती तर तिथंच ओळखलं असतं. तिने मला शिकवलं. नारळी पौर्णिमेला भावाला राखी बांधली, मग मलाही बांधली.

एकदा मी त्या टेम्पोतून गेलो. परतताना टेम्पोच्या मालकाच्या माणसांनी भावाला चहाला पाठवलं आणि रिकाम्या गोणींखाली खोकी भरली. भावाला काहीच ठाऊक नव्हतं. हे पाहणारा मी एकटा.

पुढच्या खेपेची खबर मीच दिली. तलासरीजवळ टेम्पो पकडला. मालक निसटला, भाऊ आत गेला.

ती धावत माझ्याकडे आली. "भाऊ, तू गेला होतास ना त्याच्याबरोबर? साहेबांना सांग, तो तसा नाय."

"उद्या सकाळी जाऊ," मी म्हणालो.

संध्याकाळी वरिष्ठांनी बजावलं, तुझं नाव कुठंही येता कामा नये. मी रात्रीच गाव सोडलं. भावाला शिक्षा झाली. सुटल्यावर त्याच्या हाती कुणी गाडी दिली नाही, एवढं कानावर आलं.

गेल्या वर्षी चिंचणीच्या बाजारात ती दिसली. केस पांढरे, पुढ्यात सुकट. तिने मला ओळखलं नाही.

"ताई, मी पोलीस होतो. तुझा भाऊ निर्दोष आहे हे मला माहीत होतं, आणि मी गप्प बसलो. मला माफ कर." एवढं म्हणायला गेलो होतो.

"काय देऊ, काका?" तिने विचारलं.

मी म्हणालो, "अर्धा किलो."