साम्राज्यं बुडवणारे घरमालक

मौर्यांचं साम्राज्य नेमकं कुणी बुडवलं यावर विद्वानांनी खुशाल वाद घालावा, माझ्यापुरता तो प्रश्न निकालात निघालेला आहे. ते माझ्या घरमालकांनी बुडवलं. माझ्या डोळ्यांदेखत, एका मंगळवारी, ताकाची वाटी येण्याच्या आत. बुधवारी त्यांनी सातवाहन संपवले आणि गुरुवारी वांग्याची भाजी तिखट झाली म्हणून रोमन लोकांना शुक्रवारपर्यंत मुदतवाढ मिळाली. बँकेनं माझी बदली चंद्रपूर जिल्ह्यात, मूल तालुक्याच्या गावाजवळच्या एका धानाच्या गावात केली, तेव्हा आमच्या सोलापूरच्या नातेवाइकांनी मला वाघाची, उन्हाची आणि मलेरियाची भीती घातली होती. इतिहासाची भीती कुणी घातली नव्हती.

हे गृहस्थ निवृत्त एसटी कंडक्टर. सगळी नोकरी चंद्रपूर, मूल, गडचिरोली या टापूत झालेली. धावत्या गाडीतून माणूस उतरू शकत नाही आणि घंटीची दोरी आपल्याच हातात असते, या दोन सोयींच्या जोरावर त्यांनी आयुष्यभर प्रवाशांना इतिहास सांगितला. तिकीट फाडता फाडता ते कलिंगच्या युद्धाला सुरुवात करत आणि गाडी स्टँडात शिरेपर्यंत अशोकाला पश्चात्ताप होई. गडचिरोलीहून येताना सावली गावची काही माणसं म्हणे आधीच व्याहाडला उतरून पुढची वाट पायी तुडवत. हे मी त्यांना एकदा चिडवायला म्हणून सांगितलं, तर ते गंभीर होऊन म्हणाले, "उतरत होते नं. पण पुऱ्या गाडीत एक तरी बाई अशी निघे का जी म्हणे, मंग काय झालं कंडक्टरभाऊ? तेवढ्यावर माही नोकरी निघाली."

निवृत्त झाले आणि हा हक्काचा श्रोता एका दिवसात गेला. त्याच्या आधीच बायको गेली होती. एकुलती एक मुलगी कुरखेड्याला दिलेली. राहता राहिलं हे कौलारू घर, मागं विहीर, अंगणात कोंबड्या, आणि कपाटभर इतिहासाची पुस्तकं. खोली त्यांनी भाड्यानं दिली ती भाड्यासाठी नव्हे, हे मला पहिल्याच संध्याकाळी कळलं. अट एकच होती. जेवण त्यांच्यासोबत. "एकट्यासाठी भात शिजवला तं उरते, भाऊ," एवढंच कारण त्यांनी दिलं. मी भोळा, मला वाटलं भाताचाच प्रश्न आहे.

त्यांची नजरच बादशाही. गावातली कुठलीही गोष्ट त्यांना उदयाला येताना किंवा अस्ताला जाताना दिसे, नुसती असताना कधी दिसत नसे. चौकातल्या चहावाल्यानं समोशाची कढई मांडली की "विस्तार सुरू झाला". त्याच्या भावानं समोरच वेगळी टपरी टाकली की "झालं, फाळणी. आता दोघंही जातीन". सरपंच निवडून आला की हे त्याला हार घालायला जात आणि कानात सांगून येत की सेनापतीवर लक्ष ठेव, मौर्यांचा शेवटचा राजा सेनापतीनंच मारला. सरपंचाचा सेनापती म्हणजे ग्रामपंचायतीचा शिपाई. तो बिचारा पुढं कितीतरी दिवस यांना पाहिलं की रस्ता बदलायचा. कोंबड्यांमध्येही त्यांनी राजवंश लावले होते. नवा कोंबडा जुन्याला हुसकून लावी, तेव्हा शेजारच्या घरी तो जुना केव्हाच रश्श्यात गेला असता; यांच्याकडे त्याला मरेपर्यंत वेगळी वाटी आणि वेगळे दाणे मिळत. "गादी गेली म्हणून का पेन्शन बी बंद करू?" ते विचारत. पेन्शनीच्या बाबतीत हा माणूस फार हळवा होता.

एकदा भर मे महिन्यात मला ते चंद्रपूरचा परकोट, म्हणजे शहराभोवतीची जुनी तटबंदी, दाखवायला घेऊन गेले. चंद्रपूरचं ऊन ज्यानं पाहिलंय त्याला मी पुढचं काही सांगायची गरज नाही. डोक्याला दुपट्टा बांधून आम्ही दोन माणसं त्या भिंतीच्या कडेकडेनं चालत होतो, आणि अख्ख्या शहरात तेवढी दोनच माणसं उन्हात होती. जटपुरा गेटपाशी सावली मिळाली. ते दगडावर हात फिरवत राहिले. "गोंडराजानं बांधला. केवढं राज्य! आज पाय, ऑटोवाले शिरून राह्यले, निघून राह्यले, कोणी वर मान करून पायत नाई." मला चक्कर येत होती, मी म्हणालो, "काका, रसवंती गाठू." ते एकदम म्हणाले, "राज्य गेल्याचं मले काई वाटत नाई, भाऊ. गेल्यावर कोणी नाव काढत नाई, ते वाटते." मग मात्र मुकाट्यानं रस प्यायला आले.

आता मंडईचं सांगायला हवं, कारण या माणसाचं सगळं दुखणं तिथं होतं. आमच्या सोलापूरकडं हा प्रकार नाही. इकडं दिवाळी झाली, धान कापणीला आलं, की गावोगावी मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. त्या दिवशी बाजार, पाळणे, रात्री मंडपात नाटक, आणि मुख्य म्हणजे पाहुणे. लेकी, जावई, व्याही, मावसबहिणी, सगळ्यांना आवर्जून बोलावणं जातं. ज्याच्या अंगणात जास्त खाटा पडल्या तो मोठा. सकाळपासून घराघरांतून सुवाऱ्या, म्हणजे पुऱ्या, आणि वडे तळल्याचा वास सुटतो, आणि गावात चप्पल ठेवायला जागा उरत नाही. माझ्या पहिल्या वर्षी त्या दिवशी आमच्या अंगणात एक खाट होती. तिच्यावर मी बसलो होतो. घरमालकांनी अंगणाचं दार लोटून घेतलं होतं आणि आत ते मला गुप्तांचा सुवर्णकाळ सांगत होते. बाहेर इतका गलका होता की मला निम्मं ऐकूच येत नव्हतं, आणि त्यांचंही लक्ष दाराकडे होतं.

काय झालं होतं ते शेजारच्या बाईंनी सांगितलं. मुलीच्या लग्नानंतरची पहिली मंडई. नवा जावई, त्याची आई, सगळं कुरखेड्याचं घर पंगतीला बसलेलं. यांना लेकीचा अभिमान मावेना. वाढता वाढता हातात वरणाची बादली घेऊनच यांनी भाषण सुरू केलं. आपल्याच विदर्भात वाकाटक राजे होऊन गेले. त्यांनी गुप्तांची लेक सून केली, प्रभावती. केवढी हुशार! नवरा ऐन तरुणपणात गेला, पोरं लहान, पण तिनं राज्य असं सांभाळलं की काही विचारू नका. "माही पोट्टी तशीच हाय," यांनी ठासून सांगितलं. "उद्या एकटीवर पडलं तरी पुरं कुरखेडा चालवून दाखवन!"

अरे देवा! पंगतीत जावई जिवंत बसला होता, हातात वडा होता. त्याच्या आईनं ताटाला नमस्कार केला आणि ती उठली. तिच्यामागं सगळी पंगत उठली. त्यानंतर मुलगी येई ती एकटी, घाईघाईत, सकाळच्या गाडीनं येऊन दुपारच्या गाडीनं परत. मंडईला मात्र त्या घरातून कुणी पाऊल टाकलं नाही. आणि यांचा हेका असा की मी तर कौतुक केलं, माझं काय चुकलं?

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर मी जेवताना विषय काढलाच. म्हटलं, "काका, तुम्ही बोलावणं तरी धाडलं का कधी?" ते म्हणाले, "लेकीले बापाच्या घरी याले बोलावणं कायले पायजे?" मी म्हणालो, "लेकीला नको. तिच्या सासूला पाहिजे." त्या संध्याकाळी शकांचं राज्य सुरूच झालं नाही. ताक पिऊन झाल्यावर वाटी खाली ठेवून ते म्हणाले, "तू चाल सोबत. मी एकटा गेलो तं बोलून काईतरी घाण करीन."

आरमोरीमार्गे कुरखेड्याला जाताना मी त्यांच्याकडून वचन घेतलं. एकही राजा काढायचा नाही. जिवंत नाही, मेलेला नाही. माणूस इतका धास्तावला होता की गाडीत कंडक्टरनं "कुठी जायचं?" विचारलं तरी यांनी माझ्याकडं बघितलं. एवढा अबोल मी त्यांना कधी पाहिला नव्हता, आणि खरं सांगतो, मला ते बघवेना.

जावयाचं कृषी केंद्र, त्याच्यामागं घर. जावई लगबगीनं पुढं आला, पाया पडला. मुलगी दारात उभी राहिली. विहीणबाई खुर्चीत बसल्या होत्या, त्या उठल्या नाहीत.

"या. आज कोणता राजा मारता?" त्या म्हणाल्या.

यांनी माझ्याकडं पाहिलं. मी डोळ्यांनी नाही म्हटलं. चहा आला, निवला. शेवटी कप खाली ठेवून म्हणाले, "बाई, मी पोरीचं कौतुक कराले गेलो अन् तुमच्या पोराच्या जिवावर बोलून बसलो. एवढी वर्षं म्हणत राह्यलो का माहं चुकलं नाई. चुकलं. मी घरी एकटा राह्यतो. बोलाले माणूस नाई. कोणी समोर बसलं का जेवढं साचलं तेवढं ओतून देतो, काय ओतून राह्यलो ते पायत नाई. मंडईच्या दिवशी पुऱ्या गावात पाहुणे असते अन् मी दार लावून घेतो. यंदा या. मी बोलणार नाई. नुसता वाढीन."

विहीणबाईंनी पदरानं नाक पुसलं. मग म्हणाल्या, "बोला नं. बोलाले कोणी मनाई केली? पण असा एखादा राजा सांगा जो म्हातारा झाला, नातवंडं मांडीवर घेऊन बसला अन् आपल्या घरी, आपल्या माणसांत गेला."

घरमालक विचार करू लागले. मी त्यांना ओळखतो, कपाटातली सगळी पुस्तकं त्यांच्या डोळ्यांपुढून गेली असणार. कपाळावर घाम आला. "नाई आठवून राह्यला, बाई," ते अगदी पडेल आवाजात म्हणाले. "पाहा लागन." आणि त्या बाई हसल्या. आधी थोडं, मग पदर तोंडाला लावून, मग खुर्ची हलेपर्यंत. "या बुवाले नं, बाप्पा!" म्हणाल्या, आणि सुनेला सांगितलं, "बॅग भर. आपून सारेच जाऊ."

मंडईला मग सारेच आले. विहीणबाई, त्यांच्या दोन जावा, जावई, नातू. शेजाऱ्यांकडून आम्ही खाटा मागून आणल्या, त्या अंगणात मावेनात म्हणून विहिरीपर्यंत गेल्या. घरमालक दोन दिवस वाढत होते, पाणी देत होते, कुणाची उशी कुठं आहे ते बघत होते. मी कान देऊन होतो. एकाही राजाचं नाव त्यांनी काढलं नाही. कुणी विचारलं तरी म्हणायचे, "अगुदर जेवून घ्या."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळची गाडी होती. स्टँडवर मुलगी म्हणाली, "बाबा, पुढच्या साली घ्याले येण्याची तकलीफ नका घेऊ. आम्ही येऊन जाऊ."

"नाई," ते घाईनं म्हणाले. "मी येईन घ्याले. त्याच्यात एक भेट जास्त होते."

ती त्यांच्या शर्टाची कॉलर नीट करत राहिली. गाडी सुटली. वळणापर्यंत तिचा हात खिडकीबाहेर होता, आणि धूळ खाली बसेपर्यंत हे हलले नाहीत. येताना दोन चौक लागले, ओळखीची माणसं भेटली, पण ते सरळ घरी आले.

अंगणात खाटा तशाच होत्या. चादरी चुरगळलेल्या, एका उशीवर नातवाचा फुगा. शेजाऱ्यांच्या वस्तू अंधार पडायच्या आत द्याव्यात म्हणून मी चादर झटकली आणि पहिली खाट उचलली.

"राहू दे," ते म्हणाले. "मागाले आले तं देऊ."

मग ते एका खाटेवर जाऊन बसले. थोड्या वेळानं उठून दुसरीवर बसले, मग तिसरीवर. मी हातातली खाट खाली ठेवली आणि तिच्यावर बसलो.