हाँगकाँगमधले पेढे

हाँगकाँग इंग्रजांकडून चीनकडे गेलं, त्या सकाळी मी दूध पावडरचे पेढे वळले, शेजारच्या चानबाईंचं दार वाजवलं आणि ओरडले, "अभिनंदन! गेले एकदाचे इंग्रज!" वय चाळिशीचं, पण अक्कल चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकाएवढी.

यांच्या नोकरीपायी आम्ही तिथे बाराव्या मजल्यावर राहायचो. खिडकीबाहेर बांबूवर माझी साडी वाळायची, पलीकडे चानबाईंच्या विजारी, आणि दोन्हींना त्यांच्या स्वयंपाकघरातल्या आल्याचा वास लागायचा. तो वास मला पुण्यात अजूनही मधूनच येतो.

आज हाँगकाँगच्या बातम्या बघता बघता नात आणि तिच्या नवऱ्यात जुंपली. ती म्हणे, "त्यांना लोकशाही हवी होती." तो म्हणे, "इंग्रजांनी तरी कुठे दिली? गाव मुळात चीनचंच." दोघंही हुशार, आणि दोघांच्याही आवाजात माझाच तो पेढेवाला उत्साह. एखाद्या शहराने कुणाचं व्हावं, हे लांबून किती सोपं दिसतं!

चानबाईंनी तेव्हा पेढा घेतला, मला आत बसवलं, चहा दिला. मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "तुझ्या देशातून इंग्रज गेले, तेव्हा घर तुमच्या हातात आलं. मी पोरवयात चीनमधून ज्यांच्या भीतीने खाडी पोहून इथे आले, माझं घर आज त्यांच्याच हातात गेलं. आता तूच सांग बाई, या वयात पोहून जाऊ कुठे?"