टिक करण्याआधीचा भंडारा

रविवारी सकाळी मामा शेंद्र्याहून आमच्या गारखेड्याच्या घरी आले. सोबत मामेबहीण सुनीता. तिचं नाव लग्नाच्या वेबसाइटवर घालायचं होतं, आणि नात्यात कॉम्प्युटरवाली म्हणजे मीच...

सुनीताचं पहिलं लग्न वर्षाच्या आत मोडलं. त्यानंतर स्थळं यायची, आणि हे कळलं की चहा पिऊन उठून जायची. म्हणून या वेळी 'अविवाहित' लिहायचं, बाकीचं पुढे बघू, असं घरातल्या मोठ्यांनी ठरवलं होतं. सुनीताला कुणी विचारलं नव्हतं, आणि तीही काही बोलली नव्हती.

माहिती भरली, फोटो चढवला. शेवटी ते नेहमीचं पान... अटी मान्य केल्याशिवाय साइट काही आत सोडेना. मी सवयीनं टिक करणार, तेवढ्यात मामांनी विचारलं, "काय मागतंय ते?"

"काही नाही हो मामा. दिलेली माहिती खरी आहे, मान्य आहे, एवढंच म्हणायचं. सगळे न वाचताच टिक करतात."

"मान्य म्हणायचं व्हय? मग थांब जरा."

मामांनी टोपी नीट केली आणि खिशातून भंडाऱ्याची, देवाच्या हळदीची, पुडी काढली. आम्हा धनगरांत भंडारा उचलून दिलेला शब्द म्हणजे देवासमोर दिलेला शब्द. पण इथं, माऊसशेजारी?... खरं सांगते, मला हसू आवरत नव्हतं.

चिमूट उचलली, आणि मामांचा हात तसाच राहिला.

"मागं घे बाई," ते म्हणाले. "पोरीचं पयलं लगीन लिव. खोट्यावर भंडारा उचलता येत नाय मला."

"मामा, मग स्थळंच यायची नाहीत..."

"नाय आली तर नाय आली. माझी लेक काय चोरीचा माल हाय का, लपवून द्यायला?"

मी मागे जाऊन 'घटस्फोटित' निवडलं.

सुनीता उठली. मामांच्या चिमटीतला भंडारा तिनं स्वतःच्या कपाळाला लावला, माझ्या हातातून माऊस घेतला आणि टिक तिनंच केलं. लग्न मोडल्यापासून तिला इतकं ताठ उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं...

स्थळ येईल तेव्हा येईल. हा माणूस माझा मामा आहे, याचंच मला अजून अप्रूप वाटतंय.