मुखरूचं पातळ औषध

चामोर्शी तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी तेव्हा रक्ताच्या काचा तपासायचो. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून कुणाच्या रक्तात हिवताप आहे ते बघायचं, एवढंच काम. मुखरू आमचा फवारणीवाला. खांद्यावर पंप, हातात बादली, आणि चेहरा असा की जणू जिल्ह्यातला हिवताप याच्याच परवानगीने येतो-जातो. मी त्याला हिवतापाचा जमादार म्हणून चिडवायचो. तो हसायचा नाही.

हसण्यासारखं त्याच्या आयुष्यात फारसं नव्हतंच. पहिली दोन पोरं तापाने गेली, मांत्रिकाच्या अंगाऱ्यावर भरवसा ठेवून. छप्पन्न साली बौद्ध धर्म घेतला तसे घरातले जुने देव गेले, त्यांच्यासोबत अंगाराही गेला, आणि थोड्याच वर्षांत गावात डीडीटी आलं. पांढरी पूड पाण्यात कालवून भिंतीवर मारली की डास पटापट पडायचे. ते डोळ्यांनी पाहिलं आणि मुखरूने दर हंगामाला फवारणीचं काम धरलं. तिसरी मुलगी गुलाब, ती जगली. ती औषधामुळेच जगली, असं तो भेटेल त्याला सांगायचा.

त्याचा दुसरा लौकिक बियाण्याचा. धान कापायच्या आधी तो बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, उतरायचा. रोगाने सगळं पीक लोळवलं तरी जी लोंब ताठ उभी असेल तीच तो हेरायचा आणि पुढच्या सालासाठी वेगळी बांधून ठेवायचा. त्याची नजर इतकी पक्की की गावातले मोठे शेतकरीसुद्धा त्याला आपल्या बांधीत बोलवायचे.

बांधीत बोलवायचे, घरात नाही. फवारणी यायची पोळ्याच्या तोंडावर. बायकांनी भिंती पांढऱ्या मातीने नुकत्या पोतारलेल्या असायच्या, त्यावर औषधाचे डाग नकोत. काही घरांना मुखरूची जातही नको होती, पण ते कुणी तोंडावर बोलत नसे, डागाचंच नाव पुढे करत. मुखरू दारात उभा राहून म्हणायचा, "बाई, पातळ मारतो. डाग नाई पडत." आणि खरोखरच बादलीत निम्मीच पूड टाकायचा. दारं उघडली. ज्या घरांची ओसरी त्याच्या बापाला चढता आली नाही, त्यांच्या सैपाकघरात तो पंप घेऊन फिरला. सात-आठ वर्षं त्याच्या यादीत एकही बंद घर नव्हतं. साहेब लोक त्याची पाठ थोपटायचे. पातळ औषधाचं मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसलो, हेही इथे लिहून ठेवतो.

पंच्याऐंशी साली गुलाब बाळंतपणाला माहेरी आली. मुखरूने घर दोनदा फवारलं. त्याच्या बायकोने, मनकर्णाबाईने, भिंत पोतारली होती, म्हणून सवयीने तिथेही पातळच. पोळ्यानंतर चौथ्या आठवड्यात गुलाबला थंडी भरली. तिची काच मीच पाहिली. डोक्यात जाणारा हिवताप होता. गडचिरोलीला न्यायला जीप मिळेपर्यंत ती गेली, पोटातल्या जिवासकट.

बापाने पाणी मारलं म्हणून पोरगी गेली, असं गाव बोलू लागलं. ज्यांनी पातळ मारायला लावलं तेच बोलत होते. मला अजून संताप येतो.

त्याच महिन्यात नागपूरहून डास तपासणारे साहेब आले. मुखरूने स्वतः आपल्या घरातले आणि गोठ्यातले डास नळीने ओढून धरून दिले. ते काचेच्या नळीत भर, म्हणजे पूर्ण ताकदीचं, औषध लावलेल्या कागदासोबत तासभर ठेवायचे, आणि दुसऱ्या दिवशी किती जगले ते बघायचं. मुखरूला एवढंच जाणून घ्यायचं होतं. भर औषधाने डास मेले, तर पोरीला त्याच्या पातळ हाताने मारलं. जगले, तर खोट औषधात.

दुसऱ्या दिवशी पंचवीसातले एकोणीस जिवंत होते. मुखरू रडला.

"म्हणजे माह्या हातानं नाई गेली," तो म्हणाला. मग डोळे पुसून त्याने विचारलं, "पण साहेब, पह्यले तर हेच डास मरत होते. आता काऊन मरत नाई? औषध पचवाले शिकले का?"

साहेब तरुण होते, समजावून सांगायची हौस होती. "डास शिकत नाही. हजारात एखादा जन्मतःच टणक असतो. औषधाने बाकीचे मरतात, तो उरतो. त्याची पिल्लं अर्धवट टणक निघतात. भर औषधाने तीही मरतात. पण औषध पातळ पडलं की ती वाचतात, त्यांचा आपसात जोडा जमतो, आणि मग दोन्हीकडून टणकपणा घेतलेली पिल्लं निपजतात. त्यांना भर औषधही काही करत नाही. तीन आठवड्यांत एक पिढी. इतक्या वर्षांत किती झाल्या बघा."

मी साहेबांना डोळ्यांनी थांबवत होतो. त्यांचं लक्षच नव्हतं.

मुखरू नळीकडे बघत राहिला. मला न सुचलेलं त्याला उमगलं होतं. "ताठ राह्यला तो राखाचा, बाकी जाऊ द्याचे," तो हळू म्हणाला. "हे तर मी दरसाल करतो."

नंतर मी त्याला किती वेळा सांगितलं, की मुखरूभाऊ, शेतातल्या औषधांनीही हेच झालं, दुसऱ्या जिल्ह्यांतही असेच डास निघालेत, तुमच्या एकट्याच्या बादलीने एवढं होत नाही. ते खरंही होतं. तो मान हलवायचा. पंप त्याने परत जमा केला.

कार्तिकात धान पिकलं तेव्हा मी त्याच्याकडे गेलो. मनकर्णाबाई विळा घेऊन बांधीत उभी होती, लोंबी हेरायला त्याची वाट बघत. मुखरू बांधावर धानाकडे पाठ करून बसला होता. तिने दोनदा हाक मारली.

"तूच निवड," तो मागे न बघता म्हणाला. "मी राखलं थे बियाणं आपल्या घरात उडून राह्यलं."

तिला काही कळलं नाही. ती एकटीच धानात शिरली.