कोटातले मिस्त्रीकाका

मिस्त्रीकाकांना परदेशी पाठवायचं ठरलं, तेव्हा कारखान्यात सगळ्यात जास्त हबकले ते स्वतः मिस्त्रीकाकाच. चाळीस वर्षं ते एकच गोष्ट सांगत आले होते, की मशीन घ्यायचं तर माणसानं समोर उभं राहून घ्यावं. आता कुरकुर करायलाही तोंड उरलं नव्हतं.

झालं होतं असं, की कारखान्यातलं गिअरचे दाते पाडायचं जुनं मशीन उन्हाळ्यात जे बसलं ते बसलंच. तसलंच एक मशीन परदेशातल्या मोठ्या कारखान्यानं विकायला काढलं होतं. धाकट्या मालकांनी लॅपटॉपवर फोटो पाहिले, व्हिडिओ पाहिला आणि घेऊन टाकू म्हणाले. काका म्हणाले, "फोटोत मीसुद्धा तरुण दिसतो." मालक हसले, आणि दुसऱ्या दिवशी काकांच्या हातात तिकीट ठेवलं.

"तुम्हीच बघून या. फक्त एक लक्षात ठेवा काका, हे मशीन फसलं तर बावीस माणसं घरी बसतील."

ते लक्षात ठेवायला काकांना गाठ मारायची गरज नव्हती. त्या बाविसांत त्यांचा जावई होता. जायच्या आदल्या दिवशी त्यानंच आपला लग्नातला कोट आणून दिला, कारण मालकांचा हुकूम होता की साहेबासारखं जायचं. जावई ताडमाड उंच, काका मध्यम आणि बसके. बाह्या बोटांपर्यंत आल्या. काकूंनी त्या आतून दुमडून टाके घातले आणि बजावलं, "हात फार वर करू नका, बगलेत उसवेल." ज्या माणसाचा सगळा जन्म हात वर करून मशीनचे पट्टे चढवण्यात गेला, त्याला हे सांगणं म्हणजे हातपाय बांधून पाठवण्यातलाच प्रकार होता.

विमानातून काका उतरले, त्यांची बॅग उतरली नाही. ती भलत्याच गावाला गेली होती. काउंटरवरच्या बाईनं बॅगेत काय होतं ते विचारलं. काकांनी कामापुरत्या इंग्रजीत यादी दिली: मायक्रोमीटर एक, डायल गेज एक, फटी मोजायच्या पट्ट्यांचा जुडगा एक, लांब पेचकस दोन. बाई थांबून म्हणाली, "आणि कपडे?" कपड्यांचं काकांच्या ध्यानातच नव्हतं. मोजमापाची हत्यारं नाहीत म्हणजे आता सगळी भिस्त हातावर, एवढंच डोक्यात घोळत होतं. तसा त्यांचा हात नावाजलेला होता. चालत्या मशीनला पालथा हात लावून ते आतला कुठला भाग कुरकुरतोय ते सांगत. घरात कुणाला ताप आला तर काकू थर्मामीटर झटकेपर्यंत काका आकडा सांगून मोकळे.

हॉटेलातही सुख नव्हतं. न्हाणीघरातला हवा खेचायचा पंखा घरघरत होता. काकांनी दार उघडून कान दिला आणि निदान केलं: बेअरिंग गेलंय. खाली जाऊन त्यांनी पावतीच्या पाठीवर बेअरिंगचं चित्र काढून दाखवलं. काउंटरवरच्या मुलीनं ते कौतुकानं पाहिलं आणि दुसऱ्या खोलीची किल्ली दिली. काका म्हणाले, मला खोली नको, पंखा दुरुस्त करा, नाहीतर एक दिवस जळेल. तिनं दिलगिरी व्यक्त करून तिसऱ्या, आणखी मोठ्या खोलीची किल्ली दिली. काकांनी हात टेकले. मोठी खोली मिळाल्याचं एवढं दुःख त्या हॉटेलात आधी कुणाला झालं नसेल.

खरी गंमत कारखान्यात सुरू झाली. दहाची वेळ दिली होती. काका पावणेदहाला पोचले, तर त्यांना दहापर्यंत दाराशी बसवलं. मग टाय लावलेला एक तरणा अधिकारी आला, हसला आणि आत घेऊन गेला. मशीन निळ्या रंगात नुकतंच न्हाऊन निघालं होतं, चालू होतं आणि मांजरासारखं बारीक गुरगुरत होतं. काका हात पुढे करून निघाले, तोच टायवाल्यानं त्यांना अदबीनं थांबवलं. जमिनीवर एक पिवळी रेघ होती. पाहुण्यांनी तिच्या अलीकडे उभं राहायचं, नियमच होता.

"हात लावल्याशिवाय कळणार कसं?" काकांनी विचारलं.

टायवाल्यानं कागदांची जाड फाइल पुढे केली. तिच्यात सगळं मोजून लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशीही तेच. काका म्हणाले, हात राहू दे, पण मशीन थंड असताना सुरू करून दाखवा. रात्रभर बंद राहिलेल्या मशीनमधलं तेल खाली उतरलेलं असतं. आत काही झिजलं असेल तर पहिल्या दोन मिनिटांत ठोके ऐकू येतात, मग तेल पोचलं की सगळं गुपचूप. टायवाल्यानं मान डोलावली. पण काका आले तेव्हा मशीन आधीच चालू करून, पुसून, लखलखीत ठेवलेलं. पाहुण्याला ताटकळत ठेवायचं नाही, ही त्यांची रीत. त्या आदरातिथ्यानं काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. उद्या बारा वाजता सही करायची किंवा नाही म्हणायचं, आणि संध्याकाळी विमान. दोन दिवसांत काकांनी मशीनला बोटसुद्धा लावलं नव्हतं. खरं सांगायचं तर ते घाबरले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहालाच ते कामगारांच्या फाटकासमोर जाऊन उभे राहिले. थंडी मरणाची. कोटाची कॉलर वर केली, तर बगलेत टर्रकन उसवलं. साडेसहाला एक दाढीवाला म्हातारा कामगार सायकलवरून आला. दोन दिवस तो मशीनवर काम करताना दिसला होता, रेघेच्या पलीकडे. त्यानं काकांकडे पाहिलं, उसवलेल्या बगलेकडे पाहिलं आणि त्यांना कपडे बदलायच्या खोलीत नेलं. गरम काहीतरी प्यायला दिलं. मग आपल्या कपाटातला एक निळा, तेलकट डगला काढून त्यांच्या खांद्यावर टाकला. ऊब यावी एवढाच त्याचा हेतू.

डगला अंगात चढला आणि काका मशीनच्या शेडमध्ये शिरले, तर कुणी मान वळवून पाहीना. रखवालदारानं उलट हात हलवला. पिवळी रेघ ओलांडली तरी कुणी हूं का चूं केलं नाही. दोन दिवस आपल्याला अडवत होता तो जावयाचा कोट, हे काकांना तेव्हा कळलं. मनातल्या मनात त्यांनी धाकट्या मालकांना दोन ठेवणीतल्या दिल्या.

दाढीवाल्यानं निळं मशीन सुरू केलं. काकांनी पालथा हात टेकवला. आतून ठक, ठक, ठक. काकांनी दाढीवाल्याकडे पाहिलं. त्यानं नजर खाली घातली आणि दोन बोटं दाखवली. दोन मिनिटांनी ठोके थांबले आणि मशीन पुन्हा गुरगुरू लागलं.  आता रिकाम्या हातानं परत जायचं आणि बावीस जणांना तोंड दाखवायचं.

दाढीवाल्यानं त्यांची बाही ओढली. भिंतीच्या कोपऱ्यात तसलंच दुसरं मशीन होतं. रंगाचे पोपडे उडालेले, दारावर गंज, वर भंगाराची चिठ्ठी लावलेली. त्यानं बटण दाबलं. काकांनी हात ठेवला आणि वाट पाहिली. ठोका नाही, थरथर नाही. एक मिनिट झालं, पाच झाली. मग मशीन बंद करून काका गुडघ्यावर बसले, झाकण उघडून दाते पाहिले, चाक हातानं हलवून पाहिलं. अंगावर लक्तरं आणि आत सगळं निगुतीनं सांभाळलेलं. दाढीवाल्यानं आपल्या छातीवर बोट ठेवलं, मग दोन्ही हातांची दहा बोटं तीनदा उघडमीट केली. तीस वर्षं ते त्याच्याच हाताखाली चाललं होतं.

टायवाला आला तेव्हा काका डगल्यातच उभे होते. आधी तो त्यांना ओळखेना, मग कावराबावरा झाला, मग काकांनी कोपऱ्यातल्या मशीनकडे बोट दाखवल्यावर म्हणाला, ते तर भंगार आहे, हवं तर न्या. काकांनी मालकांना फोन लावला. मालकांनी फोटो मागवला. फोटो गेला.

"काका, हे काय आहे? ह्याच्यावर गंज चढलाय."

"दारावर चढलाय. आत नाही."

"आणि ते निळं?"

"ते सहा महिन्यांत बसेल."

"मला दोन्ही फोटोंत उलटंच दिसतंय."

"दिसणारच," काका म्हणाले.  "तुम्ही म्हणाल ते करतो मालक. पण निळ्यावर मी सही करणार नाही."

 मागे जावयाचा आवाज ऐकू आला, काहीतरी विचारत होता.

"हात लावून पाहिलंत?" मालक म्हणाले.

"पाहिलं. थंड असताना."

"मग मला कशाला विचारता? करा सही."

काकांना एकदम भरून आलं. ते लपवायला त्यांनी कागदावर फारच मोठी सही केली.

निघताना त्यांनी डगला काढून परत दिला. दाढीवाल्यानं तो घेतला, पण जाऊ देईना. त्यानं त्यांना मशीनच्या मागच्या बाजूला नेलं, वाकून आतलं एक बारीक भोक दाखवलं. फाइलीतल्या कुठल्याच नकाशात ते नव्हतं, त्यानंच कधीतरी पाडलेलं असणार. तेलाची कुपी तिरकी धरून त्यानं तीन थेंब सोडले, मग खिडकीतल्या उन्हाकडे बोट दाखवलं. रोज सकाळी.

काकांनी कुपी त्याच्या हातातून घेतली आणि तिथं तीन थेंब सोडून दाखवले. म्हातारा बघत राहिला.

"देईन," काका मराठीतच म्हणाले. "सुट्टीच्या दिवशीसुद्धा येऊन देईन."