आधीच लावलेली टिक

लोकेंद्र रहांगडाले पोटापाण्यासाठी नेमकं काय करतो, हे मुर्रीत कुणालाच धड सांगता येत नाही. "मोबाइलचं काहीतरी" एवढ्यावर त्याची बोळवण होते. गावातले लोक फुटलेली काच बदलायला त्याच्याकडे येतात आणि तो ती बदलून देत नाही म्हणून तोंड वाकडं करून जातात. खरं तर तो ॲपचे आणि वेबसाइटचे स्क्रीन आखतो. कोणतं बटण कुठे ठेवायचं, केवढं ठेवायचं, बघणाऱ्याचं बोट कुठे अडखळेल, कोणता प्रश्न आधी विचारायचा आणि कोणता विचारायचाच नाही, हे ठरवणं म्हणजे त्याचं काम. काही वर्षं पुण्यात काढली, कोरोनात घरी आला तो आलाच. आता मागच्या खोलीत धानाच्या पोत्यांशेजारी टेबल टाकून नागपूरच्या एका कंपनीचं काम करतो.

माणूस हुशार, पण त्याच्या हुशारीचा जाच घरादाराला. गोंदिया स्टेशनवर तिकिटाच्या मशीनपुढे उभा राहिला, की ते बनवणाऱ्याचा उद्धार केल्याशिवाय त्याला तिकीट घेता येत नाही. घरातल्या स्विचबोर्डावर त्याने प्रत्येक बटणाखाली चिकटपट्टी लावून पंखा, दिवा असं लिहून ठेवलंय. या घरात जन्मलेल्या माणसांना पंख्याचं बटण सांगावं लागतं का? पण नाही. कुणाला क्षणभर थांबून विचार करावा लागला, तर तो त्याला स्वतःचा अपमान वाटतो. बघणाऱ्याचा एक टॅप वाचला पाहिजे, एवढ्या एका गोष्टीवर या पठ्ठ्याची सगळी श्रद्धा.

आई गेल्यापासून घरात तिघंच. वडील बिसनलाल, लोकेंद्र आणि त्याची थोरली बहीण दुलारी. दुलारीचं सासर आमगावकडचं होतं. नवरा कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. मूलबाळ नव्हतं, आणि वर्षाच्या आत दिराने तिचं सामान ट्रॅक्टरमध्ये घालून मुर्रीला पोचवलं. तेव्हा ती तेहतीस वर्षांची होती. आल्या दिवसापासून चूल, गोठा आणि बांधीतला रोवणा, म्हणजे धानाच्या शेतातली लावणी, तिने अंगावर घेतला. तिच्या रडण्याचा आवाज कुणी ऐकला नाही. आणि एक दिवस जेवायला वाढता वाढता ती बापाला म्हणाली, "बाबूजी, मी काई म्हातारी नाई झाली. माह्यासाठी पहा कोणी."

बिसनलालच्या हातातला घास हातातच राहिला. त्यांच्या घरात कुठल्या बाईने स्वतःच्या तोंडाने असं काही म्हटलेलं नव्हतं, आणि विधवेने तर नाहीच. लोकेंद्रला वाटलं, आता बाबूजी ताटावरून उठतात. म्हातारा उठला नाही. घास खाल्ला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "पाहू." त्या संध्याकाळी दुलारीने केसांना तेल लावून नीट वेणी घातली. लोकेंद्रला ते बघून भरून आलं. दीदीला घर मिळवून द्यायचं, हे त्याने त्याच दिवशी मनाशी घेतलं.

योगही जुळून आला. समाजाच्या मंडळाचे सचिव इंद्रकुमार भाऊ, निवृत्त मास्तर, लोकेंद्रकडे आले. मंडळ दरवर्षी लग्नाच्या मुलामुलींची जाडजूड परिचय पुस्तिका छापायचं, आणि ती हातात पडेपर्यंत त्यातल्या निम्म्यांची लग्नं उरकलेली असायची. "तू पुण्याले काय काय शिकून आला म्हणते. आमाले ॲप बनवून दे," भाऊ म्हणाले. पैशाचं नाव काढलं नाही, लोकेंद्रनेही काढलं नाही. नागपूरचा एक मित्र कोड लिहायला तयार झाला आणि काम सुरू झालं.

लोकेंद्रने ते जीव ओतून केलं, हे त्याच्या वैऱ्यालाही कबूल करावं लागेल. तो तिरोड्याला गेला, सालेकशाला गेला, लोकांच्या ओसरीवर बसून ते फोन कसा धरतात ते बघत राहिला. मुलं-मुली स्वतः बघतच नाहीत, बघतात त्यांच्या आया आणि मामा, हे त्याच्या ध्यानात आलं. या मंडळींपुढे आधी प्रश्न टाकले, वय किती हवं, शिक्षण किती, जिल्हा कोणता, लग्न आधी झालेलं चालेल का, की ती गडबडतात आणि फोन बाजूला ठेवून चहा मागतात. लोकेंद्रने यावर उपाय काढला. बहुतेकांना जे हवं असतं तेच उत्तर आधी भरून ठेवायचं आणि सगळे प्रश्न कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघांच्या बटणामागे ढकलून द्यायचे. ज्याला बदलायचं असेल तो तिथे जाऊन बदलेल. ॲप उघडलं, की थेट फोटो. "अविवाहित" समोरची हिरवी टिक त्याने अशीच, बाकीच्या उत्तरांच्या ओघात लावली. मंडळातल्या कुणी त्याला ती लावायला सांगितलं नव्हतं.

परिचय मेळाव्यात ॲपचं भारी कौतुक झालं. शाल, श्रीफळ, फोटो, सगळं झालं. ज्या बायकांना फोन उचलण्याखेरीज काही येत नव्हतं, त्या मुलांची स्थळं सरकवत बसल्या. लोकेंद्र शाल खांद्यावर घेऊनच घरी आला आणि त्याच दुपारी त्याने अंगणात दुलारीचा फोटो काढला. टिकली लावायची की नाही यावर तिने दोनदा आत-बाहेर केलं. शेवटी लहानशी लावली. माहितीत "पतीचे निधन" हे तिने स्वतः लिहायला लावलं. "लपवाचं काई नाई," ती म्हणाली. संपर्कासाठी बिसनलालचा नंबर दिला.

मग वाट बघणं सुरू झालं. बिसनलालने फोनचा आवाज मोठा करून घेतला. बांधीवर जाताना तो फोन पिशवीत गुंडाळून न्यायचा, आणि अनोळखी नंबर आला की चिखलातून धावत काठावर येऊन उचलायचा. कर्ज हवं का विचारणारे, विमा विकणारे, कुणाचं तरी पार्सल घेऊन रस्ता चुकलेले. दुलारी ओसरीतून ऐकायची. म्हातारा "नाई, नाई पाह्यजे" म्हणाला, की ती पुन्हा हातातल्या कामाला लागायची. रोवणा झाला, कापणी झाली. गावातल्या दोन पोरींची लग्नं त्याच ॲपवर जुळली. दुलारीसाठी एक साधी चौकशी आली नाही.

लोकेंद्रने तिचा फोटो बदलून पाहिला. माहिती नव्याने लिहिली. मंडळाच्या खात्यातून उघडलं, की तिचं पान त्याला समोर दिसायचं, सगळं जागच्या जागी. म्हणजे दोष लोकांचाच. तो समाजावर कडाडायचा, तोही दुलारीच्या समोर. "आपले लोकं सुधरणार नाई, दीदी. फोटो पाहतीन, विधवा वाचतीन अन् पुढं सरकवतीन. साल्यायची नियतच खराब." दुलारी एकदा फक्त म्हणाली, "लोकायले कायले शिव्या देतं?" लोकेंद्रला वाटलं, दीदी मनाची मोठी आहे.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात तो तिरोड्याला एका लग्नाला गेला. जेवताना शेजारच्या खुर्चीवर लांजीच्या मंदाबाई बसल्या होत्या. ॲप बनवणारा हाच, हे कुणीतरी सांगताच बाईंनी ताट मांडीवर ठेवलं आणि त्याला फैलावर घेतलं. "तुमचं ॲप आमच्या काई कामाचं नाई, भाऊ. माह्या भावाची बायको वारली. आमगावले किराणा दुकान हाय त्याचं, सोभावाचा गरीब. त्याले कुवारी पोरगी कायले पाह्यजे? त्याच्यासारखीच, एखादी दुखातून गेलेली पाह्यजे होती. पूरा उन्हाळा पाहलं. एक बी नाई तुमच्या ॲपमंधी. आपल्या समाजात विधवा नाई का कोणी?"

लोकेंद्र हसला. अशा तक्रारी त्याला नेहमीच्या. बाईंचंच काहीतरी चुकलं असणार, या खात्रीने त्याने त्यांचा फोन मागून घेतला, ॲप उघडलं, कोपऱ्यातल्या तीन रेघा दाबल्या. आणि समोर ती टिक दिसली.

"मावशी, हे काढाचं होतं ना," तो म्हणाला.

मंदाबाई वाकून बघत राहिल्या. "हे होतं का तेथी? मले तं वाटलं, त्या रेघा म्हंजे नक्षी होय." मग त्यांनी फोन परत घेतला. "जाऊ द्या. झालं त्याचं आता. मागच्या मयन्यात डोंगरगडकडची केली."

त्याने टिक काढल्यावर तिथल्या तिथे लग्न मोडलेल्या, नवरा वारलेल्या कितीतरी बायांचे चेहरे स्क्रीनवर आले होते. तोवर त्यांना बाहेरच्या एकाही माणसाने पाहिलेलं नव्हतं. मंडळाचं खातं सगळ्यांना दाखवायचं, म्हणून लोकेंद्रला कधी संशय आला नाही. सालेकशापर्यंत जाऊन त्याने लोकांची बोटं पाहिली, पण ज्या बाईसाठी हे सगळं मनाशी घेतलं होतं, तिचं स्थळ शोधणारा माणूस होऊन त्याने एकदाही ॲप उघडलं नव्हतं. ताट तसंच टाकून तो मोटारसायकलवर बसला. सगळ्या रस्त्याने आमगावचं ते किराणा दुकान त्याच्या डोळ्यांपुढे होतं. त्याने ते कधी पाहिलेलंही नव्हतं.

घरी पोचला तेव्हा दुपार कलायला आली होती. दुलारी अंगणात बाजेवर कपडा पसरून कोहळ्याच्या बड्या, सांडग्यांसारख्या, घालत होती. बिसनलाल बांधीवर गेला होता. लोकेंद्र तिच्यासमोर उभा राहिला आणि त्याने एका दमात सगळं सांगून टाकलं. टिक, तीन रेघा, मंदाबाई, त्यांचा भाऊ. "माह्या हातानं झालं, दीदी. कोणी पाहलंच नाई तुले. आज काढतो मी ते. आता सगळ्यायले दिसशीन तू."

दुलारीने बोटावरचं पीठ भांड्याच्या काठाला पुसलं. "माहीत हाय मले," ती म्हणाली.

"काय माहीत हाय?"

"ते टिकचं. तू माहं नाव टाकलं त्याच मयन्यात पाहलं मी, बाबूजीच्या फोनमंधी. माणूस पह्यले आपलाच फोटो पाहते ना. नाई दिसला. मंग इकडं तिकडं दाबून पाहलं, तं सापडलं." ती पुढची बडी घालू लागली. "अन् आता मी नाई त्याच्यात. दिवाळीच्या अगोदरच काढून टाकलं माहं नाव."

लोकेंद्रच्या तोंडात आला तो प्रश्नही त्याच्या कामाचाच होता. "काढताना कारण विचारलं असन ना ॲपनं?"

"विचारलं कोठी? भरूनच होतं. लग्न जुळलं म्हणून. मी पुढं दाबलं."

हेही त्यानेच ठेवलं होतं. नाव काढणाऱ्याला कारण लिहायचा त्रास नको आणि मंडळाला आकडा मिळावा, म्हणून. जुळलेल्या लग्नांचा तो आकडा इंद्रकुमार भाऊ प्रत्येक बैठकीत उभे राहून वाचत आणि लोक टाळ्या वाजवत. दिवाळीनंतरच्या बैठकीत दुलारीही त्यात मोजली गेली होती. लोकेंद्र पहिल्या रांगेत बसला होता. त्यानेही टाळ्या वाजवल्या होत्या.

तो बाजेच्या कडेला खाली बसला. "माहीत होतं तं सांगतलं काऊन नाई मले? एका शब्दाचं काम होतं, दीदी. काऊन नाई सांगतलं?"

दुलारीने दोन-तीन बड्या घातल्या. त्या सारख्या येत नव्हत्या.

"मले वाटलं, तुनं जाणूनच ठेवलं ते," ती म्हणाली. "तू तं प्रत्येक बटन इचार करून ठेवतं ना. मले वाटलं, तुले मंडळात मान भेटून राहिला, आता इधवा बहिणीचा फोटो सगळ्यायच्या पुढं नको वाटत असन तुले. मंग म्या वाट पाहली. वाटलं, एखाद्या दिवशी तूच काढशीन."

लोकेंद्रला रडू आलं. "तसं नव्हतं, दीदी," तो म्हणत राहिला. "तसं नव्हतं. माह्या ध्यानातच नाई आलं."

दुलारीने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या बोलण्यावर तिचा विश्वास बसला होता, आणि त्याने तिला बरं वाटलेलं दिसत नव्हतं. मुद्दाम केलं असतं तर निदान तो तिच्याबद्दल विचार करत होता, असं तरी झालं असतं.

"परत टाकतो तुहं नाव," तो डोळे पुसत म्हणाला. "आत्ता, या घडीले."

"नको."

"काऊन?"

"आता तुह्या ध्यानात आलं म्हणून नको." बाहेर फाटकाची कडी वाजली. बिसनलाल बांधीवरून परतला होता, फोन पिशवीत, पिशवी छातीशी. दुलारीने आवाज खाली केला. "अन् बाबूजीले नको सांगू काई. त्यायले वाटू दे की लोकं पाहून राहिले."

बिसनलालने ओसरीत येऊन पिशवी सोडली, फोन हातात घेऊन एकदा बघितला आणि पाणी मागितलं. लोकेंद्र उठून पाणी आणायला गेला.